झाकलेली भाकर

त्या दिवशी आमच्या आंगनात कोन कोन होतं ते आधी सांगून घेते. मी होती, चौथी शिकलेली कौसाबाई. माझा नवरा सुखराम होता. तेव्हा मी त्याचं नाव तोंडानं घेत नव्हती, शेवंताचा बाप म्हनत होती, अन् इथंही तसंच म्हनन. आमची एकुलती पोरगी शेवंता होती, सालेकशाच्या शाळेत दहावीत. बुधियाबुडी होती, नवरा-पोर कोनी नसलेली, आमच्या प्रार्थनेत सगळ्यात म्हातारी. धनलाल अन् त्याची बायको यमुना होती, दोघंही मजुरीवाले. अन् गोंदियावरून येनारा दानियल भाऊ होता, आमचा पाळक, म्हनजे ख्रिस्ती प्रार्थना घेनारा, वयानं पोरगाच, मराठीत सुरू करे अन् हिंदीत संपवे. आमी इतकेच. गल्लीपलीकडे सुमनबाई आपल्या दारात लाखोळीची दाळ निवडत बसली होती. तिचं घर बौद्ध, ती आमच्या प्रार्थनेत येत नव्हती, पन हाकेवर होती. अन् शेवटी आले ते माझे भासरे झनकलाल, शेवंताच्या बापाचे मोठे भाऊ, अन् त्याईच्या संगं काठ्या घेतलेले गावातले पोट्टे. पोट्ट्याईचे नावं मले माहीत आहेत, पन ते आता लेकराबाळाईचे झाले, राहू द्या.

शिकलेले लोक आपल्या लहानपनाचं लिवते. माझ्या लहानपनात लिवाले काही नाही. ढोरं राखली, दुसऱ्याच्या बांधीत धानाचा रोवना केला, अन् बापानं लगीन लावून दिलं. मी मोठी झाली ती चाळिशी उलटल्यावर, एका धानाच्या हंगामात. म्हनून माझं वाढनं तेच समजा.

त्याच्या आधीचं घर सांगते. शेवंताचा बाप मोहाची पिऊन ये अन् मारे. काऊन मारते ते त्यालेही माहीत नसे. आज भाजीत मीठ कमी, उद्या मीठ जास्त. एकदा चुलीतलं जळतं लाकूड पाठीवर मारलं, त्याचा डाग अजून आहे. आता शेवंता मले आंघोळ घालून देते तेव्हा तिथं तिचा हात हळू होते. माझ्या सासूनं मले सांगून ठेवलं होतं, मार पडला का आवाज काढाचा नाही, आवाजानं मानसाले जोर येते. मी नाही काढला. शेवंता धानाच्या कोठीमागं जाऊन बसे, अन् मार थांबला का तिकडूनच विचारे, "माय, येऊ का?" मी म्हनो, "ये." मंग आमी दोघी जेवन करो. लाखोळीची दाळ, कोचईच्या पानाची भाजी, भात. तो आंगनात पडून राहे. दूरून रेल्वे जाये तिचा आवाज येत राहे, अन् मले वाटे का इतके लोक बसून चालले कुठं.

मंग त्याच्या पोटात पानी झालं. लोक सांगते प्रार्थनेनं बरा झाला. मी तर गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात त्याच्या खाटेजवळ बसली होती, तो गोळ्याईनं बरा झाला. पन गोळ्या संपल्यावर दारूकडे पाय वळले नाही, ते प्रार्थनेनं. धनलाल त्याले प्रार्थनेले बुधियाबुडीच्या झोपडीत घेऊन जाये, मंग आमीही जाऊ लागलो, अन् वर्सभरात प्रार्थना आमच्याच आंगनात होऊ लागली, काऊन का आमचं आंगन मोठं होतं.

आमच्यात शुद्धपन लई पाहत. शनवारी कपडे धुवाचे, आंगन सारवाचं, भांडे राखेनं घासाचे, हे तर होतंच. पन दारू बंद, बिडी बंद, खर्रा बंद, शिवी बंद. यमुनाची बिडी सुटली, शिवी नाही सुटली. बकरी वाडीत शिरली का तिच्या तोंडून निंघेच. मंग रविवारी सगळ्याईच्या समोर उभी राहून सांगे, "बकरीले बोलली."

दानियल भाऊ विचारे, "क्या बोला, बहन?"

"ते इथं सांगितलं तर अखीन एक डाव शिवी होईल ना, भाऊ."

धनलाल खाली पाहून हासे. अशी आमची प्रार्थना होती, ढोलकी, झांज, अन् मधात हासनं. त्या दिवसाईत शेवंताचा बाप ढोलकी वाजवे. ज्या हातानं मारे तोच हात ढोलकीवर इतका हळू पडे का मी पाहतच राहो.

महिन्यातून एका रविवारी प्रभूभोजन राहे. तांदळाच्या पिठाची बिनमिठाची भाकर मी भाजो. आमच्याकडे अंगूर कुठले, आमगावच्या बजारातून काळे मनुके आनून पान्यात उकळत, ते पानी रसाच्या जागी. भाकर ताटात ठेवून पांढऱ्या कापडानं झाकाची. अन् कापड काढाच्या पहिले एक रीत होती. ती दानियल भाऊनं आनली का त्याच्या पहिलेच्या पाळकानं, मले माहीत नाही. एकेकानं उभं राहाचं अन् म्हनाचं, "माझ्या मनात कोनाचं काही नाही." ज्याच्या मनात कोनाचा राग आहे त्यानं "आहे" म्हनाचं. एकानंही "आहे" म्हटलं का कापड निंघत नसे, कोनालेच भाकर भेटत नसे. मिटवा, मंग खा. एकदा कोंबडीवरून यमुना अन् बुधियाबुडीचं अडलं होतं, दुपार झाली तवा मिटलं. मले ही रीत आवडे. घरात मी कधी कोनाले "आहे" म्हटलं नव्हतं. तिथं म्हनता ये.

आता नव्याचं सांगते, काऊन का झालं ते त्याच्यावरून झालं. आमचं अन् भासऱ्याईचं खानं वेगळं झालं होतं, पन धान एकाच खळ्यात पडे. अन् त्या घरची चाल अशी का नवं धान निंघालं का पहिले भासरे तांदूळ शिजवत, कुळाच्या देवाले दाखवत, मंग तो भात घरच्या लहानमोठ्याच्या पानावर पडे. तोवर नव्या तांदळाचा दाना कोनी दाताखाली घ्याचा नाही. ह्यालेच नवा म्हनत, त्याईच्या बापाच्या बापापासून असंच होतं. इकडे आमच्या प्रार्थनेतही नव्या धानाची उपकारस्तुती राहे. प्रत्येक घरानं आपल्या नव्या तांदळाची पायली आनाची, सगळा तांदूळ एकाच गंजात शिजवाचा, देवाचे उपकार मानाचे अन् सगळ्याईनं मिळून खाचा. दानियल भाऊ गोंदियाचा, त्याले गावचं काय माहीत. त्यानं एक रविवार सांगून दिला. तो भासऱ्याईच्या नव्याच्या पहिले येत होता.

मी शेवंताच्या बापाले म्हटलं, "अजून तिकडचा नवा झाला नाही."

"आपला देव वेगळा झाला. आता नवा कायचा? मी आपल्या वाट्याचं धान आनलं."

"वाटा वेगळा आहे. खळं तर एकच आहे."

तो ढोलकी घेऊन बसला. दानियल भाऊले सांगाचं काम त्याचं होतं, त्यानं सांगितलं नाही.

आमचा तांदूळ चिन्नोर होता. ज्यानं चिन्नोर खाल्ला त्याले सांगाची गरज नाही, गंजातून वाफ निंघाली का गल्लीभर वास जाते. आंगनात गानं चालू होतं, शेवंताचा बाप ढोलकी वाजवून राहिला होता, ताटात भाकर झाकलेली होती, अन् तो वास गल्लीतून भासऱ्याईच्या दारापर्यंत गेला.

ते आले, मांगं काठ्या घेतलेले पोट्टे. भासऱ्याईनं गंजाले लाथ मारली. उकळता भात बुधियाबुडीच्या पायावर पडला. ती बसली होती तिथंच बसून राहिली, तिले उठता आलं नाही, फक्त पाय ओढत राहिली. भासरे म्हटले, "कुळाचा नवा उष्टा केला, बे? तुझ्या तोंडात गेला पहिले?" शेवंताचा बाप उभा राहिला, म्हटला, "दादा, आयक तर." मंग काठ्या पडू लागल्या. लाकूड हाडावर पडते तो आवाज मले माहीत होता, पन इतक्या काठ्याईचा मिळून कधी आयकला नव्हता. एका पोट्ट्यानं ढोलकी पायानं फोडली. धनलालचं डोस्कं फुटलं, तो यमुनाले आड घेऊन ढोराईच्या कोठ्याकडे गेला. दानियल भाऊले तिघाईनं धरून शेनाच्या खड्ड्यात टाकलं. शेवंताच्या बापानं हात वर केला नाही. त्यानं दोन्ही हात मांगं बांधल्यासारखे ठेवले, मार पडला तरी उलट माराचं नाही असं त्याले प्रार्थनेत शिकवलं होतं, अन् त्याच्यानंच काठीचं टोक सरळ डोळ्यात गेलं.

मी त्याच्यावर पडली. भासऱ्याच्या हाताशी उखळाजवळचं मुसळ होतं. ते माझ्या मनगटावर पडलं. मले दुखलं नाही, नुसता हात खाली लोंबला, जसा दुसऱ्या कोनाचा. लगीन होऊन आली तेव्हापासून मी त्या मानसासमोर डोक्यावरचा पदर सरकू दिला नव्हता, त्याईच्या चटईवर पाय ठेवला नव्हता, एक शब्द बोलली नव्हती. भासऱ्यानं लहान भावाच्या बायकोच्या सावलीलेही शिवाचं नाही, अशी आमच्यातली चाल. अन् त्याच मानसानं मुसळ पुन्हा उचललं. तेव्हा शेवंता इळा घेऊन आली. तिचे केस एका पोट्ट्याच्या हातात होते, तरी ती ओढत ओढत पुढं आली, अन् तिच्या तोंडावरून मले समजलं का ती आता जिवानं मारन. मी चांगल्या हातानं तिचा पाय धरला. ती पडली, इळा तिच्याच गुडघ्यात घुसला. त्या गुडघ्यानं ती आजही जिना चढताना थांबते.

सुमनबाई आली नसती तर कोनी मेलं असतं. तिनं निवडाचं सूप फेकलं अन् दाराच्या मधात उभी राहिली. म्हटली, "झनकलाल भाऊ, मले मारून मंग जा आत. मी पोलिसात एकेकाचं नाव घेऊन सांगन, मले तुमची लाज नाही." तिच्या वस्तीतले मानसं तिच्या मांगं जमून राहिले होते. पोट्टे एकामांगं एक निंघाले. भासरे शेवटी निंघाले. भात मातीत पडला होता, कोंबड्या आल्या होत्या. झाकलेली भाकर ताटात तशीच होती, तिले कोनी शिवलं नाही.

शेवंताच्या बापाचा डावा डोळा गेला. माझं मनगट वाकडं बसलं. पोलीस ठान्यात दोघाई भावाले समोरासमोर बसवलं, घरचं भांडन घरात मिटवा म्हटलं, अन् दोघाईचे अंगठे घेतले. ते तिथंच संपलं.

पट्ट्या निंघाल्यावर आमी पुन्हा बसलो, आता बुधियाबुडीच्या झोपडीत, काऊन का तिले चालता येत नव्हतं. दानियल भाऊ पुन्हा आला, हे त्याचं मानाले पाहिजे. मी एका हातानं भाकर भाजून नेली. शेवंताचा बाप पहिले उभा राहिला, म्हटला, "माझ्या मनात दादाबद्दल काही नाही." यमुना रडू लागली. तिनं रडत रडतच म्हटलं, धनलालनं म्हटलं, बुधियाबुडीनं म्हटलं, शेवंतानं खाली पाहून म्हटलं. माझी पाळी आली.

मी म्हटलं, "आहे."

कापड निंघालं नाही. पुढच्या वेळेसही मी "आहे" म्हटलं. त्याच्या पुढच्या वेळेसही. माझ्यानं सगळ्याईचं अडून राहिलं. धनलाल चिडला. "एक शब्द म्हनाले काय जाते वो, वहिनी? ज्याचा डोळा गेला तो म्हनते, तुमाले काय होते?" दानियल भाऊ हात जोडून म्हटला, "मौसी, मन साफ करा. माफ कर दो." मी त्याले म्हटलं, "भाऊ, मी म्हनून टाकलं असतं. पन भाकरीसमोर खोटं बोलाचं नाही, हे तुमीच सांगितलं होतं." मले माफ कराचं नव्हतं असं नाही. रोज सकाळी उठून मनात पाहो का गेलं काय. ते तिथंच राहे. मनगट थंडीत ठनके, तेव्हा तर अखीन राहे.

एका शनवारी संध्याकाळी मी भाकर भाजून राहिली होती. शेवंताचा बाप चुलीजवळ येऊन बसला. म्हटला, "उद्या म्हनशील ना?"

"नाही."

"लोकाईत माझी मान खाली जाते. माझी बायको आयकत नाही म्हनते."

"खोटं नाही म्हननार."

त्याचा हात वर गेला. किती वर्सांनी गेला. कानाखाली पडला अन् माझं डोस्कं भितीवर आपटलं. भाकर तव्यावर करपू लागली. शेवंता दारात होती, ती फक्त म्हटली, "बाबा." तो आपल्या हाताकडे पाहत बसला. मी भाकर उलटवली.

दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा पहिले उभा राहिला अन् म्हटला, "माझ्या मनात कोनाचं काही नाही." अन् बसला. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "माझ्या मनात आहे. पहिले भासऱ्याईचं होतं. आता शेवंताच्या बापाचंही आहे. काल त्यानं मले मारलं, हीच भाकर भाजून राहिली होती तेव्हा."

दानियल भाऊनं विचारलं, "सच है, भाऊ?"

"व्हय," तो म्हटला.

बुधियाबुडी आपले जळालेले पाय पसरून बसली होती. ती म्हटली, "सुखराम, भावाले माफ केलं अन् बायकोले मारलं. मंग तुवं माफ कोनाले केलं गा?"

तो माझ्याकडे वळला. मंग मले म्हटला, "काय करू, सांग." मी म्हटलं, "काही नको करू. मी जिथं जाते तिथं मांगं ये." अन् मी निंघाली. तो आला, शेवंता लंगडत आली. भरदुपारी मी भासऱ्याच्या आंगनात गेली अन् डोक्यावरचा पदर मीच खाली घेतला.

भासरे काठी तासत बसले होते. माझ्याकडे न पाहता आपल्या बायकोले म्हटले, "तिले सांग, घरी जा म्हना."

मी म्हटलं, "मी तुमच्यासंगं बोलून राहिली. मुसळ मारलं तेव्हा मधात कोनी नव्हतं, आता बोलाले कायले पाहिजे?"

त्याईनं वर पाहलं. इतक्या वर्सात आमी पहिल्यांदा एकमेकाचं तोंड पाहलं. मी सांगत गेली. तुमी बुडीचे पाय जाळले. तुमी आपल्या भावाचा डोळा घेतला. तुमी माझा हात मोडला, अन् पुन्हा माराले मुसळ उचललं. तुमच्यासमोर माझ्या पोरीचे केस ओढले अन् तुमी पाहत राहिले. मी माफ कराले नाही आली. तुमी काय केलं ते तुमच्या तोंडावर सांगाले आली.

"तुमी माझ्या कुळाचा नवा उष्टा केला," ते म्हटले. आवाज हलला त्याईचा. ते त्याईले खरंच दुखलं होतं, ते मले तेव्हा दिसलं.

"केला. ते चुकलं. बोलावून सांगाचं होतं. तुमी मानूस फोडला."

ते काठी घेऊन उभे राहिले. मी हलली नाही. आत त्याईची बायको म्हटली, "नका हो." शेवंताचा बाप माझ्या पुढं आला, एक डोळा झाकलेला, म्हटला, "दादा, माराचं तर मले मार. पन तिनं म्हटलं ते आयकून घे." भासरे काठी तशीच धरून उभे राहिले, मंग ते वळले अन् घरात गेले. माफी त्याईनं मागितली नाही. मरेपर्यंत नाही मागितली.

आमी परत आलो तेव्हा सगळे तसेच बसून होते. शेवंताचा बाप बसला नाही. सगळ्याईच्या समोर मले म्हटला, "मी काल मारलं. त्याच्या पहिलेही लई वर्सं मारलं. ते मी कोनाले सांगितलं नव्हतं." मी दानियल भाऊले म्हटलं, "माझ्या मनात अजून आहे. पन आता चोरून नाही. ज्याचं आहे त्याले सांगून आली."

दानियल भाऊ म्हटला, "नियम तो साफ मन का है, मौसी."

बुधियाबुडी म्हटली, "मंग साफच आहे ना गा. झाकलेलं काय राहिलं तिच्या मनात?" अन् ती ढुंगनानं सरकत पुढं आली, तिनंच कापड काढलं. दानियल भाऊ तिच्याकडे पाहत राहिला, मंग त्यानं भाकर मोडली. ती एका बाजूनं करपली होती, कडक झाली होती, बुडीले दात नव्हते तर तिनं तुकडा मनुक्याच्या पान्यात भिजवून घेतला. नव्या धानाचे उपकार आमी त्या दिवशी मानले. भात नव्हताच, त्या भाकरीवरच मानले.

त्याच्यानंतर शेवंताच्या बापानं हात उचलला नाही असं लिवलं तर तुमाले बरं वाटल. एकदा उचलला. त्या रविवारी स्वतःच उभा राहून सांगितलं, अन् मंग नाही उचलला. आता तो नाही. भासरेही नाही. भासरे वारले तेव्हा मी देवरीवरून, शेवंताच्या घरून, गेली, त्याईच्या पायाकडे उभी राहून मनात पाहलं, तर अजून होतं, थोडंसं. मी ते तसंच घेऊन आली. शेवंता आता दवाखान्यात नर्स आहे, तिच्याकडे मार खाल्लेल्या बाया येते. ती पट्टी बांधता बांधता त्याईले बोलू देते.

ज्याच्या हातात हे पडन त्याले इतकंच सांगनं आहे. तुमच्या प्रार्थनेत, तुमच्या घरात, तुमच्या पंचायतीत कोनी बाई म्हनत असन का माझ्या मनात आहे, तर तिले माफ कर म्हनू नका. खाली बसा अन् काय झालं ते तिले विचारा. तिचं सांगून होईपर्यंत उठू नका.